सॉरीच्या चिठ्ठ्या

४ फेब्रुवारी

आज शब्दांची वाटणी झाली. मला 'सॉरी' आला.

आमच्या कोशाच्या कचेरीत माणसाला त्याच्या अक्षरावरून ओळखतात. समोरच्या टेबलावर ह-वाले, खिडकीपाशी प-वाले. मी अकरा वर्षे स-वाला. बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा हा नवा खंड. प्रत्येकाकडे एकेक मोठी नोंद. ह-वाले मला म्हणाले, "तुमची मजा आहे. आठ दिवसांत उरकाल. सॉरी म्हणजे माफ करा. संपलं!"

ज्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, त्याची नोंद सर्वांत अवघड असते. हे ज्याला अजून कळलेले नाही, त्याच्याशी काय बोलायचे.

मुख्य संपादकांनी नियम पुन्हा वाचून दाखवले. वाक्य ऐकीव हवे, रचलेले नको. प्रत्येक वाक्याची एक चिठ्ठी: वाक्य, कोण म्हणाले, कुणाला, तारीख, प्रसंग. प्रसंग खरा आणि नेमका. "रचलेलं वाक्य म्हणजे खोटी साक्ष," मुख्य म्हणाले. "एकाची जरी सापडली तरी चिठ्ठ्यांची सगळी पेटी रद्द करीन. मग रडत यायचं नाही." ज्याची नोंद तपासणीत बिनचूक उतरेल त्याला या खंडाचे सहसंपादकपद मिळेल. अकरा वर्षांत मी एकही वाक्य रचलेले नाही. हे सगळी कचेरी जाणते.

७ फेब्रुवारी

तीन दिवस बाहेर फिरलो. बँकेची रांग, दवाखान्यातले बाक, लिफ्ट. फक्त सहा चिठ्ठ्या झाल्या. त्यांतल्या चार नुसत्या धक्का लागल्याच्या.

संध्याकाळी जेवताना लक्षात आले की हिने ताट वाढेपर्यंत तो शब्द चार वेळा उच्चारला. भाजीत मीठ कमी, म्हणून. पाण्याचा तांब्या ठेवायला विसरली, म्हणून. मी मान वर केली, म्हणून. चौथ्याचे कारण मला समजले नाही. मी विचारले, "आता कशाबद्दल?" तर म्हणाली, "सॉरी, काही नाही."

म्हणजे पाच.

चौदा वर्षे हा खजिना माझ्या घरात आहे आणि मी बँकेच्या रांगेत उभा राहतो आहे.

१२ फेब्रुवारी

घरातल्या चिठ्ठ्या: सत्तावीस. सगळ्यांवर 'वक्ता: पत्नी, श्रोता: स्वतः.' हिला सांगितलेले नाही. बोलणाऱ्याला कळले की बोलणे बिघडते. खिशात कोऱ्या चिठ्ठ्या ठेवतो आणि न्हाणीघरात जाऊन लिहून काढतो. ही काल म्हणाली, "पोट बरं नाही का तुमचं? सॉरी, मी काल तेल जास्त घातलं असेल."

ती चिठ्ठीही लगेच न्हाणीघरात जाऊनच लिहावी लागली.

१९ फेब्रुवारी

चाळीसच्या वर गेलो. आता थोडा पद्धतशीर विचार करायला हवा.

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. वर्तमानपत्र वाचत होतो. हिला आत जायचे होते. ही मागे येऊन थांबली. मी बाजूला झालो नाही. मला वाक्य हवे होते. ही बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "सॉरी, मी आत येऊ?" माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी हा शब्द वापरतो, ही माहिती मला कुठल्याही कोशात सापडली नाही.

दुपारी त्याहून मोठा लाभ झाला. माझ्या हातून चहाचा कप पडला आणि फुटला. (खरोखर पडला. मी पाडला नाही. आज तरी.) ही आतून धावत आली, खाली बसून तुकडे वेचू लागली आणि म्हणाली, "सॉरी, सॉरी." कप माझा, हात माझा, सॉरी हिचे. मी मुद्दाम विचारले, "तू का सॉरी म्हणतेस?" हिने वर पाहिले. हातात तुकडे होते. "म्हणजे... तुमचा आवडता कप होता ना."

चिठ्ठीवर अर्थाच्या जागी काय लिहावे, यावर तासभर विचार केला. शेवटी लिहिले: 'दोष आपला नसताना, घडल्या गोष्टीशी आपले नाते जोडण्यासाठी.' वाक्य बरे उतरले आहे.

२६ फेब्रुवारी

मेहुणी आली होती. हिची धाकटी बहीण, औषधांच्या दुकानात असते. तीन तास होती. मी आतल्या खोलीत दार किलकिले ठेवून बसलो. तीन तासांत हिच्या तोंडून तो शब्द एकदाही आला नाही. हिने बहिणीच्या अंगावर पाणी सांडले आणि दोघी हसत सुटल्या. "आंधळे!" बहीण म्हणाली. "तूच आडवी पाय पसरून बसतेस," ही म्हणाली. हिचा असा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

मी पाणी प्यायला बाहेर आलो. हिने लगेच पाय आवरले आणि म्हणाली, "सॉरी, आमचा फार गोंधळ होतोय का?"

निष्कर्ष: हा शब्द आदराचा आहे. बरोबरीच्या माणसांत वापरत नाहीत.

मेहुणी जाताना म्हणाली, "भाऊजी, दार लावून बसत जा. वारं लागेल कानाला." तिचा स्वभाव पहिल्यापासून आगाऊ आहे.

२ मार्च

हिला एक पत्र आले आहे. डोंगराकडच्या एका निवासी शाळेत गणित शिकवण्याची जागा. राहायला खोली. सोबत संमतीचा छापील अर्ज. त्यावर सही करून मूळ पत्रासह वीस मार्चपर्यंत शाळेत पोहोचवायचा. हिने अर्ज केव्हा केला, मुलाखत केव्हा दिली, मला काही ठाऊक नाही. म्हणे बहिणीकडे गेली होती तेव्हा.

लग्नापूर्वी ही शिकवत असे. चांगली शिकवत असे म्हणतात.

मी नाही म्हटलेले नाही. मी फक्त विचारले, "घराचं काय?" ही म्हणाली, "शनिवारी-रविवारी येईन." मी विचारले, "आणि माझं?" यावर एरवी 'सॉरी' आलेच असते. मी चिठ्ठीसाठी खिशात हात घातला होता. ते आले नाही. ही म्हणाली, "तुम्हाला स्वयंपाक येतो. मी आजारी असताना केला होता तुम्ही." आणि पत्र घडी करून कपाटातल्या डब्यात ठेवले. मग पुन्हा काढून वाचले. पुन्हा ठेवले.

दिवसभरात फक्त दोन चिठ्ठ्या.

६ मार्च

तपासनीस बाईंनी कच्ची नोंद पाहिली. या बाई फार थोडे बोलतात आणि लाल पेन्सिल वापरतात. वाट मागण्यासाठी, ऐकू न आल्यास, नकार देताना, दुसऱ्याच्या दुःखात: सगळे अर्थ त्यांनी मान्य केले. मग पहिल्या अर्थावर पेन्सिल ठेवली. 'आपल्या हातून झालेल्या चुकीबद्दल मनापासून वाटणारा पश्चात्ताप व्यक्त करण्यासाठी.'

"इथं उदाहरण नाही," त्या म्हणाल्या.

"मीठ कमी पडल्याचं आहे."

"मिठाबद्दल पश्चात्ताप होत नाही कुणाला. हा मूळ अर्थ आहे. याचं उदाहरण नसेल तर नोंद उभी राहत नाही." मग चिठ्ठ्यांची चवड चाळत म्हणाल्या, "तुमच्या तोंडचं एकही वाक्य नाही यात."

"नोंद करणाऱ्यानं स्वतःची वाक्यं घ्यायची नाहीत, असा नियम आहे."

"हो, आहे खरा," त्या म्हणाल्या.

९ मार्च

नोंदीची अडचण अशी आहे. खरा पश्चात्ताप व्हायला खरी चूक लागते. आणि ही चुका करत नाही. चौदा वर्षे मी पाहतो आहे. चावी हरवत नाही, दूध उतू जाऊ देत नाही, निरोप विसरत नाही.

आज ही भाजी आणायला गेली असताना डब्यातून ते पत्र आणि अर्ज काढून घेतला. दोन दिवसांसाठी. वीस तारखेला पुष्कळ अवकाश आहे. वाक्य मिळाले की परत ठेवायचे. मन थोडे खात होते, ते इथे लिहून ठेवतो. पण वाक्य मी रचणार नाही. वाक्य तिचेच असेल.

पत्र कचेरीतल्या माझ्या खणात आहे.

११ मार्च

हिला काल सकाळी कळले. कालचा सगळा दिवस आणि आजचाही शोधण्यात गेला. कपाट रिकामे करून जमिनीवर मांडले. गाद्या उलटल्या. कचऱ्याची पिशवी उघडून कागद न् कागद पसरला. मीही शोधू लागलो. नाहीतर बरे दिसले नसते. पलंग सरकवला, तेव्हा ही म्हणाली, "सॉरी हं, तुम्हालाही कामाला लावलं."

हे त्या अर्थाचे नाही. हे नेहमीचेच. तरी नोंदवले.

१२ मार्च

मिळाले.

मी कचेरीतून आलो तेव्हा ही जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढे रिकामा डबा. मी समोर बसलो. वाट पाहिली. शेवटी हिने टेबलाकडे पाहत, अगदी हळू सांगितले, "सॉरी. एवढं एक काम होतं माझं, तेसुद्धा मला सांभाळता आलं नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मला कुणी पोरं सोपवू नयेत."

असे मी म्हणालो होतो का, आठवत नाही. म्हणालो असेन.

न्हाणीघरात जाऊन शब्द न् शब्द उतरवला. वाक्य उत्कृष्ट आहे. इतक्या वर्षांत इतके स्वच्छ उदाहरण हाती लागलेले नाही. 'प्रसंग' या रकान्यात पहिल्यांदा 'महत्त्वाचे पत्र हरवल्यावर' असे लिहिले. मग ते खोडले. पत्र हरवलेले नाही. माझ्या खणात आहे. लिहिले: 'महत्त्वाचे पत्र हरवल्याचा समज.'

१४ मार्च

पत्र आज परत ठेवणार होतो. सकाळी पिशवीत घातलेही होते. पण ही आज फारच शांत आहे. आत्ता ते अचानक डब्यात सापडले तर हिला संशय येईल. थोडे दिवस जावेत.

ही शाळेला फोन करते म्हणत होती. मी समजावले. "अजून रुजू झाली नाहीस तोवर पत्र हरवलंस. काय म्हणतील ते? दुसऱ्या कुणी बोललेलं बरं दिसतं. मी बोलतो." ही म्हणाली, "खरंच बोलाल?" मी हो म्हणालो. हिने माझा हात हातात घेतला. तो तसाच धरून बसली.

आज ती फार चांगली वागली. चिठ्ठ्या: नऊ.

१८ मार्च

ही दोनदा विचारते रोज, "बोललात?" कामाच्या गर्दीत राहून जाते. आज सांगितले की फोन लागत नव्हता. हे पूर्ण खोटे नाही. मी केला असता तर लागला असता की नाही, हे कोण सांगणार.

मेहुणीचा फोन आला होता. ती हिला म्हणत होती, (मला पलीकडून ऐकू येत होते,) "ताई, तू आणि कागद हरवशील? तुझ्या शाळेतल्या वह्यासुद्धा अजून सापडतील. नीट बघ, कुणीतरी उचललं असेल."

"कोण उचलणार गं, घरात आम्ही दोघंच."

मग हिने फोन ठेवला.

२१ मार्च

काल वीस तारीख होती. संध्याकाळी मी सांगितले की शाळेशी बोललो, मुदत वाढवून मिळत नाही. हिने मान हलवली आणि ताट वाढले.

आता पत्र परत देऊन उपयोग नाही, उलट त्रासच होईल. खणात राहू द्यावे. खरे सांगायचे तर मला हलके वाटते आहे. शनिवार-रविवारपुरती येणारी बायको म्हणजे पाहुणी. आणि माझे काम अर्धवट राहिले असते.

२८ मार्च

नोंद पूर्ण. एकूण एकशे एकेचाळीस चिठ्ठ्या, त्यांतल्या एकशे अठरा हिच्या. ह-वाले म्हणाले, "एकाच माणसाच्या इतक्या? वहिनींना पगार सुरू करा." सगळे हसले. मुख्यांनी नोंद वाचली आणि पहिल्या अर्थाचे उदाहरण मोठ्याने म्हणून दाखवले. "याला म्हणतात ऐकणं," ते म्हणाले.

आता फक्त साक्ष-तपासणी. तपासनीस बाई वक्त्याच्या घरी जातात, दर दहावी चिठ्ठी वाचून दाखवतात, वक्ता 'हो' म्हणतो आणि सही करतो. बाई दोन तारखेला येणार.

मी मोजून पाहिले. पत्राची चिठ्ठी हिच्या चिठ्ठ्यांत ऐंशीवी आहे. म्हणजे वाचली जाणार. एक चिठ्ठी पुढेमागे केली तर टळेल. पण चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने असाव्यात, असा नियम आहे. 'समज' हा शब्द खोडावा असेही मनात आले. खोडला तर प्रसंग खोटा होतो. अकरा वर्षांत केले नाही ते आता कशाला. तिच्या तेवढे लक्षात येणार नाही. आले तरी ती समजून घेईल. ती समजूतदार आहे.

२ एप्रिल

सविस्तर लिहितो, कारण पुढे लागेल.

बाई चार वाजता आल्या. हिने ठेवणीतले कपडे घातले होते. पाहुण्या येणार एवढेच मी सांगितले होते. चहा झाल्यावर बाईंनी पेटी टेबलावर ठेवली.

"मी एकेक वाक्य वाचते. तुम्ही ते बोललात का, एवढंच सांगायचं. हो किंवा नाही. आणि इथं सही."

ही माझ्याकडे पाहू लागली. "कसली वाक्यं?"

"अगं, तुझी," मी म्हणालो. "कोशात जाणार आहेत. छापून येतील."

"माझी?" हिने पेटीकडे पाहिले. "ही एवढी?"

बाईंनी वाचायला सुरुवात केली. "'सॉरी, हात ओला होता म्हणून दार उघडायला वेळ लागला.' आठ फेब्रुवारी." ही म्हणाली, "हो." सही केली. पुढच्या दोन चिठ्ठ्यांनाही हो, सही. "'सॉरी, मी आत येऊ?' एकोणीस फेब्रुवारी. प्रसंग: वक्ता स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरताना." हिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. "हो." सही.

बाई वाचत गेल्या. प्रत्येक प्रसंग मी किती नेमका लिहिला आहे, हे मलाच ऐकताना जाणवत होते. 'वक्ता शिंकल्यावर.' 'श्रोत्याने वर्तमानपत्राचे पान उलटल्यावर.' 'वक्त्याने बहिणीस फोन केला असता श्रोता खोलीत आल्यावर.' ही प्रत्येकाला हो म्हणत होती, पण आवाज लहान होत होता. एकदा हिने विचारले, "तुम्ही हे कधी लिहायचात?" मी सांगितले, न्हाणीघरात. ही म्हणाली, "मी तुमच्यासाठी बिनतेलाचं करत होते."

सात सह्या झाल्या. बाईंनी आठवी चिठ्ठी काढली. आधी मनात वाचली. मग मोठ्याने. "'सॉरी. एवढं एक काम होतं माझं, तेसुद्धा मला सांभाळता आलं नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मला कुणी पोरं सोपवू नयेत.' बारा मार्च. प्रसंग: महत्त्वाचे पत्र हरवल्याचा समज."

"समज म्हणजे?" हिने विचारले.

बाई माझ्याकडे पाहू लागल्या.

"समज म्हणजे," मी सांगू लागलो, "प्रत्यक्षात तसं नसताना एखाद्याला..." आणि थांबलो.

"पत्र कुठंय?"

"सुरक्षित आहे," मी म्हणालो.

ही पेन हातात धरून बसली होती. मला वाटले रडेल. रडली नाही. पेनचे टोपण लावले.

"हे वाक्य मी म्हटलं नाही," ही म्हणाली.

"अगं, म्हणालीस. बारा तारखेला. याच खुर्चीवर. समोर डबा होता."

"नाही."

बाईंनी पुढची चिठ्ठी वाचली. "नाही," ही म्हणाली. त्याच्या पुढची. "नाही." शेवटची. "नाही."

"आणि आधीच्या सात?" बाईंनी विचारले. "त्यांवर सह्या केल्यात तुम्ही."

"यांनी सांगून ठेवलं होतं, विचारतील त्याला हो म्हण." ही आवाज न चढवता बोलत होती. "मी सॉरी म्हणतच नाही हो. मला सवयच नाही त्या शब्दाची."

"ही खोटं बोलते आहे!" मी उठून उभा राहिलो. मी असा कधी ओरडत नाही. ही दचकली. हिचे ओठ हलले. मी बाईंना म्हणालो, "बघा! आत्ता म्हणणार होती! बघा!"

हिने ओठ मिटून घेतले आणि बाईंना विचारले, "अजून थोडा चहा देऊ?"

३ एप्रिल

खणातले पत्र आणून दिले. हिने ते वाचले नाही. शाळेला फोन लावला. माझ्यासमोरच उभी होती. पलीकडच्या माणसाने सांगितले की जागा चोवीस तारखेलाच भरली. तुमच्याकडून कुणाचाच फोन आला नाही, एक फोन केला असतात तरी थांबलो असतो.

ही म्हणाली, "बरं." फोन ठेवला. पत्राच्या चार घड्या करून कचऱ्याच्या पिशवीत टाकले.

मी समजावण्याचा प्रयत्न केला. वाक्यापुरतेच घेतले होते, हेही सांगितले. हिने सगळे ऐकून घेतले.

८ एप्रिल

मुख्यांनी बोलावले. बाईंचा अहवाल त्यांच्यापुढे होता. मी सांगितले, वाक्ये अस्सल आहेत, बायको रागाच्या भरात नाकारते आहे. ते म्हणाले, "घेऊन या त्यांना. सगळ्यांसमोर एकदा विचारतो. अकरा वर्षं आहेत म्हणून, नाहीतर..."

घरी येऊन मी हिला सांगितले की माझी अब्रू, माझी जागा, सगळे हिच्या एका 'हो'वर आहे. जेवताना सांगितले. नंतर दाराशी उभा राहून पुन्हा सांगितले. ही म्हणाली, "येईन की."

मला हायसे वाटले. शेवटी चौदा वर्षे कुठे जात नाहीत.

९ एप्रिल

ती आली. बहीणही सोबत होती, ती जिन्यातच थांबली. मुख्यांनी खुर्ची दिली. ह-वाले, प-वाले, सगळे टेबलांवरून मान वर करून पाहत होते.

"वहिनी, स्पष्ट विचारतो," मुख्य म्हणाले. "यांनी तुमच्या तोंडची म्हणून एकशे अठरा वाक्यं दिली आहेत. ती त्यांनी ऐकली आहेत का?"

ही म्हणाली, "घरी माझं एक अक्षर ऐकत नाहीत हो हे. एकशे अठरा वाक्यं कुठून ऐकणार?"

आधी ह-वाले हसले. मग सगळे. मुख्यांनाही हसू आवरेना. मी हिच्याकडे पाहत होतो. ही हसत नव्हती.

पेटी रद्द झाली. सहसंपादकपद ह-वाल्यांना. माझ्याकडे उद्यापासून मुद्रिते तपासण्याचे काम.

रद्द केल्याच्या कागदावर तपासनीस बाईंची सही लागते. त्यांनी केली. मी त्यांना व्हरांड्यात गाठले. "तुम्ही तिथं होतात. तुम्ही तिचा चेहरा पाहिलात. वाक्यं खरी आहेत, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग सही कशी केलीत?"

"माहीत आहे म्हणूनच केली," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

याविरुद्ध दाद मागता येते का, हे नियमावलीत पाहिले. तसे कलम नाही.

१० एप्रिल

काल ही कचेरीतून घरी आलीच नाही. आज मेहुणी कपडे न्यायला आली. मी विचारले, किती दिवसांसाठी. ती कपाटातून एकेक काढून पिशवीत भरत होती. "भाऊजी, ती माझ्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपते. नोकरी नाही, काही नाही. पण काल तिनं माझं भांडं फोडलं आणि मला म्हणाली, 'तूच मध्ये ठेवलं होतंस.'" मग दारातून म्हणाली, "चिठ्ठी करा याची."

मी करणार होतो. मग लक्षात आले, वाक्यात तो शब्द नाही.

२४ एप्रिल

कचेरीत कागदाची काटकसर असते. रद्द झालेल्या पेटीतल्या चिठ्ठ्या फेकत नाहीत. त्या सगळ्या टेबलांवर वाटतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवे शब्द लिहितात. मला हे ठाऊक होते. मीही वापरलेल्या आहेत.

आज दुपारी ह-वाल्यांनी आपल्या गठ्ठ्यातली एक उचलली, लिहिण्यापूर्वी सहज उलटी करून पाहिली आणि चष्मा वर सरकवला.

"ऐका हो, ऐका. 'सॉरी, मला वाटलं तुम्ही घरात नाही.' प्रसंग: वक्ता गुणगुणत असताना श्रोता आत आल्यावर." त्यांनी टेबलावर थाप मारली. "स्वतःच्या घरात गाणं गुणगुणलं म्हणून सॉरी! अहो, सुचतं तरी कसं तुम्हाला? कोश सोडा, नाटकं लिहा."

प-वाल्यांनी ती मागून घेतली, वाचली, पुढे दिली. चिठ्ठी टेबलांवरून फिरत गेली. सगळे हसत होते. कुणीतरी म्हणाले, अशी बाई असते का कुठे.

मी म्हणालो, "ते मी ऐकलेलं आहे."

ते आणखी हसले. चिठ्ठी परत ह-वाल्यांकडे आली. त्यांनी ती उलटी केली, तळहाताने सपाट केली आणि पुढचा शब्द लिहायला घेतला.